फिरती बशी

हेल्सिंगोर, २ ऑक्टोबर १९३३

चि. गुनवोर,

तुझ्या बापाचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझी फसगत व्हायची नाही. बाकी मी मजेत आहे. आमची शिडांची ‘ओतिलिया’ सामुद्रधुनीच्या तोंडाशी नांगर टाकून चार दिवस बसली आहे. वारा समोरून येतोय, आणि शेजारून दिवसाला वीस आगबोटी धूर सोडत निघून जातात. प्रत्येकीकडे मी पाठ करून बसतो. एस्किल आचारी म्हणतो, अशाने शिडमास्तरांची, म्हणजे माझी, मान लचकेल.

तू निरोपाला धक्क्यावर आली नाहीस. हुल्डा मावशी आली होती, आणि तिने सगळ्या खलाशांसमोर माझी खरडपट्टी काढली. तिचं म्हणणं, त्या रविवारी मी तुझ्या हिल्डिंगचा अपमान केला. आता मला सांग, मी केलं तरी काय? पोराला बघायचं म्हणून इस्त्रीचा सदरा घालून बसलो. तो आगबोटीवर इंजिनं सांभाळतो हे कळल्यावरही हसतमुख राहिलो. त्याच्या नखांतला कोळसा मोजला नाही. पॅनकेकचा मोठा तुकडा त्याला वाढला.

आणि त्याने काय केलं? कप उपडा ठेवला, त्यावर बशी ठेवून गरगर फिरवली, मधोमध आलुबुखारचा रस सोडला, आणि रसाचा ओघळ काठाकडे वाकडा गेला तसा मला म्हणाला, “बघा, पृथ्वी अशी फिरते म्हणून वारे वाकतात.” हे कुणाला सांगतोय? बत्तीस वेळा विषुववृत्त ओलांडलेल्या माणसाला. तुझ्या आईने विणलेल्या टेबलक्लॉथवर रस सांडला तो वेगळाच.

मी एवढंच म्हणालो, की ज्याला बोट हलवायला चूल पेटवावी लागते त्याने वाऱ्यावर बोलू नये. आणि कॉफीची किटली खाली ठेवली. आपल्या घरात मुलीच्या बापाने जावयाच्या कपात पहिली कॉफी ओतली की होकार, हे त्यालाही ठाऊक आहे. तोही आपल्या वोर्दो बेटावरचाच आहे, कप पुढे करून बसला होता. तो तसाच पुढे करून बसलेला मला अजून दिसतो, पण त्याचा इथे संबंध नाही.

तू मात्र सगळ्यांसमोर म्हणालीस, “बाबा, तुम्हाला वारा पाठ आहे, समजलेला नाही.” शाळेतल्या पोरांना बोलतेस तशी. पोरी, ते मला लागलं.

टेबलक्लॉथ मिठाच्या पाण्यात भिजव. डाग जाईल.

तुझा बाबा

—

२४ उत्तर अक्षांश, ५ नोव्हेंबर

चि. गुनवोर,

हे पत्र ऑस्ट्रेलियाला पोचल्यावरच टपालात पडेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज दिवसभर शिडं बदलली. बिस्केच्या आखातात वादळं अंगावर घेतलेली जाड, नवी शिडं खाली उतरवली आणि माझी ठिगळांची फौज वर चढवली. दरवर्षी इथेच बदलतो. इथून पुढे व्यापारी वारे. डाव्या खांद्यामागून येतात, दिवसरात्र एकाच जोराने, एकाच दिशेने. त्यांच्यात चांगलं कापड झिजवण्यात अर्थ नाही. शिवाय जुनं कापड मऊ असतं, नुसत्या श्वासानेही फुगतं. यातलं एक चौकोनी शीड मी तू तीन वर्षांची असताना शिवलं. त्याला आता सत्तेचाळीस ठिगळं आहेत. तुझ्या आईच्या जुन्या परकराचंही एक आहे. ते कप्तानाला सांगितलेलं नाही.

आता मी फळकुटावर बसून सदरा काढून शिवतो. हातात चामड्याचा पंजा, पायाशी मेणाचा गोळा. याहून चांगली जागा जगात असेल असं वाटत नाही. तुझ्या आईला एकदा इथे आणायचं होतं.

एस्किलला मी बशीची गोष्ट चेष्टेने सांगितली. त्याला ती चेष्टा वाटली नाही. सारखा विचारतो, “पण मग ओघळ वाकला का?” मी म्हणालो, रस चिकट होता. तो म्हणाला, चिकट असला तर हळू जाईल, वाकेल कशाला? आचाऱ्याला काही सांगण्यात अर्थ नसतो.

बाबा

—

३ उत्तर अक्षांश, २१ नोव्हेंबर

गुनवोर,

सहा दिवस जागचे हललो नाही. हा शांत पट्टा. वारा नाही, समुद्र तेलासारखा, शिडं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबतात. अधूनमधून धो धो पाऊस पडतो आणि सगळे साबण घेऊन डेकवर धावतात. कप्तान सकाळी वाऱ्याला शिव्या देतो आणि संध्याकाळी त्याची माफी मागतो.

जहाज अजिबात डोलत नसल्यामुळे एस्किलला हुक्की आली. दुपारी त्याने उपडा कप मांडला, त्यावर बशी, आणि भांडाराच्या तळातून सुक्या आलुबुखारची पिशवी काढून रस उकळला. मी म्हणालो, मला यात रस नाही. तो म्हणाला, रस माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त बशी फिरवा.

मग फिरवली.

उत्तर ध्रुवावरून खाली बघितलं तर पृथ्वी घड्याळाच्या उलट फिरते, एवढं तू शाळेत शिकवताना मी खिडकीबाहेरून ऐकलं होतं. तशी फिरवली. ओघळ उजवीकडे वळला. चार वेळा केलं, चारही वेळा उजवीकडे. मग दक्षिणेकडून बघतोय असं धरून घड्याळासारखी फिरवली. ओघळ डावीकडे.

मी पुन्हा फिरवायला हात पुढे केला. एस्किल बशी चाटत होता.

गुनवोर, इथे ऊन सगळ्यात तापतं, हवा वर जाते, आणि तिची जागा भरायला उत्तरेकडून नि दक्षिणेकडून हवा येते. पण इथली जमीन सगळ्यात वेगाने पूर्वेकडे धावते. उत्तरेकडून येणारी हवा हळू जमिनीवरून आलेली, तिला हा वेग गाठता येत नाही. ती मागे पडते. मागे पडलेली हवा म्हणजेच आपला ईशान्येचा वारा. आणि इथून तापून वर गेलेली हवा लांब जाऊन खाली उतरते आणि ध्रुवाकडे निघते, तेव्हा तिच्या अंगात जास्तीचा वेग असतो, ती जमिनीच्या पुढे पळते. तेच पश्चिमेचे वारे. म्हणजे चाळीस वर्षं ज्या वाऱ्यांनी मला घरी आणलं, ते घाईत होते एवढंच.

विषुववृत्ताकडे तोंड करून उभं राहिलं, की उत्तरेत वारा डाव्या खांद्यावर लागतो आणि दक्षिणेत उजव्या. बत्तीस वेळा लागला. मी एकदाही विचारलं नाही की का.

हे पान पाठवायचं की नाही ते ठरवलेलं नाही. त्यावर रस सांडलाय.

—

दक्षिण ऑस्ट्रेलिया, १९ जानेवारी १९३४

चि. गुनवोर,

तुझं पत्र इथे माझ्या आधी येऊन थांबलं होतं. चार ओळी. मास्तरणीने एवढी काटकसर करू नये. मी पाठ केल्यात: “लग्न चोवीस जूनला, मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या दिवशी. कॉफी ओतणार असाल तर या. नाही ओतलीत तरी दार उघडं आहे. पण मग चर्चमध्ये माझा हात हुल्डा मावशी धरेल.”

हुल्डाला चालताना धाप लागते. तुझा हात धरून ती अर्ध्यात बसेल.

ओतेन का, ते इतक्या लांबून लिहिण्यासारखं नाही. आधी पोचायला हवं. गव्हाची पोती भरताहेत. दहा फेब्रुवारीच्या सुमाराला निघू. केप हॉर्नला वळसा घालून शंभर-एकशेदहा दिवसांत इंग्लंड, मग घर. वारा साथीला असला तर जमतं. वाऱ्याशी माझं भांडण नाही.

आपल्या गावात सणाला उभारतात त्या खांबावरची चार छोटी जहाजं दरवर्षी मी शिवलेली शिडं घालतात. यंदा ती कोण शिवणार? हिल्डिंगला सांग, त्यांना धुराडी बसव म्हणावं.

शांत पट्ट्यात लिहिलेलं एक पान या पाकिटात घातलेलं नाही. ते खराब झालं होतं.

ही पत्रं इथून आगबोटीने जातात, हे मला आज पहिल्यांदाच खटकलं नाही.

बाबा

—

५६ दक्षिण अक्षांश, १६ मार्च

चि. गुनवोर,

हॉर्न ओलांडलं. चौतीस दिवसांत. कप्तानाने आनंदाने सगळ्यांना रम दिली आणि स्वतः दोनदा घेतली.

गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, त्या अक्षांशांवरचे सगळे वारे पाठीमागून ढकलत होते. चार माणसं सुकाणूला बांधून उभी. एका लाटेने कोंबड्यांचं खुराडं नेलं, एकीने एस्किलचे बूट. नवी शिडं एकदाही फाटली नाहीत. ती माझ्या हातची आहेत हे मी दर दोन तासांनी कुणाला ना कुणाला सांगत होतो.

ही हवा घाईत आहे हे आता मला माहीत आहे. लाटा बघताना एक गंमत वाटते. पूर्वी वाटायचं, वारा रागावलाय. आता वाटतं, बिचाऱ्याला उशीर झालाय. अगदी माझ्यासारखा.

हिशेब केला. असंच चाललं तर मेअखेर इंग्लंड. चोवीस जूनला मी खांबाखाली असेन आणि सणाची हेरिंग मासळी मला जास्त मिळेल.

बाबा

—

२ उत्तर अक्षांश, २ मे

गुनवोर,

माझ्या हातून एक चूक झाली आहे. जहाजावर कुणी तोंडावर बोलत नाही, पण मी जवळ गेलो की सगळे गप्प होतात, आणि एस्किलने मला दोन दिवस करपलेली लापशी वाढली.

महिन्यापूर्वी, अठ्ठावीस दक्षिणेला, शिडं बदलायची वेळ आली. दरवर्षीची. जाड उतरवायची, जुनी चढवायची. त्यात दोन दिवस जातात. मी कप्तानाला म्हणालो, यंदा राहू द्या. नवं कापड भक्कम आहे, दोन दिवस वाचतील, माझ्या पोरीचं लग्न आहे. कप्तान म्हणाला, “शिडमास्तर, तुम्हीच म्हणताय?” मी म्हणालो, मीच म्हणतोय.

वाऱ्यात ती चालली. शांत पट्ट्यात शिरलो आणि संपलं. इथे वाऱ्याचा एखादा सुस्कारा येतो. माझी जुनी चिंधी त्यावर फुगली असती. हे जाड, ताठ कापड फक्त डोलकाठीवर थापटत राहतं. बारा दिवस आम्ही उभे. काल पहाटे आपल्याच मारियाहाम्न बंदराचं एक जहाज ठिगळांची शिडं लावून शेजारून सरकत गेलं, इतकं जवळून की त्यांचा शिडवाला दिसला. त्याने वर बघितलं, आमची नवी शिडं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. आणि टोपी काढली.

वारा पाठ आहे म्हणतेस. तोही विसरलो.

आज या भट्टीत सगळी शिडं बदलतो आहोत. मी परबाणावर, शिडाच्या आडव्या काठीवर, सगळ्यात आधी चढलो. वय काढलं म्हणून कप्तानावर ओरडलोही. अठ्ठावन्नाव्या वर्षी लाज माणसाला चांगली चढवते.

—

हल, इंग्लंड, ११ जून, सकाळ

चि. गुनवोर,

आज धक्क्याला लागलो. गहू उतरवायला तीन आठवडे, मग कुठे जहाज घरी निघणार. वाऱ्याने येणं जमत नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला.

लग्न दोन आठवडे पुढे ढकलता येईल का? पाद्र्याला मी लिहितो. सण तर काय दरवर्षी येतो.

तेच पत्र, दुपार

वरच्या चार ओळी खोडायच्या होत्या, पण तशाच ठेवतो. बाप कसा आहे ते तुला ठाऊक असलेलं बरं.

बारा वाजता कुणीतरी मला खालून हाक मारली. बघतो तर तुझा हिल्डिंग. त्याची बोट दोन धक्के पलीकडे कोळसा भरतेय. ‘ओतिलिया’ आल्याचं कळल्यावर कामाच्या कपड्यांतच चालत आला. मी काहीतरी लागट बोलायला तोंड उघडलं. त्याने मला बोलूच दिलं नाही.

“उद्या आम्ही सुटतो, एकवीसला मारियाहाम्न,” तो म्हणाला. “तुम्ही येताय का हे विचारायला आलो नाही. तुमची पेटी कुठे आहे तेवढं सांगा.”

मी दाखवली. त्याने ती खांद्यावर घेतली आणि चालू लागला. आत काय आहे तेही विचारलं नाही. मी मागून गेलो. एस्किल कठड्यावरून हसत होता आणि त्याने माझ्याकडे एक पुडकं फेकलं. आलुबुखार.

—

कोपनहेगन, १८ जून

माझ्या गुनवोर,

टपालाची गाडी आमच्या आधी पोचेल म्हणून घाईने लिहितोय. बॉयलरच्या एका नळीची दुरुस्ती चालली आहे, दुपारी निघू. काळजी करू नकोस, वेळेत येतो.

पहिले दोन दिवस मी डेकवर वाऱ्याकडे तोंड करून बसलो. बोट वाऱ्याकडे बघतसुद्धा नाही, गुनवोर. समोरून आला तरी चालते, नाही आला तरी चालते. मला ते उद्धट वाटलं. तिसऱ्या दिवशी एका भट्टीवाल्याला ताप भरला, पूर्वेचा वारा नाकावर जोरात बसला आणि वाफ उतरायला लागली. कप्तान म्हणाला, असं चाललं तर तेवीसची संध्याकाळ होईल. मी खाली डोकावलो. हिल्डिंग स्वतः फावडं घेऊन कोळसा टाकत होता. हा माणूस इंजिनियर आहे, त्याला तिथे उभं राहायचं कारण नव्हतं. खरं कारण होतं चोवीस तारीख.

मी कोट काढला आणि शिडी उतरलो. त्याने एकदा बघितलं आणि दुसरं फावडं माझ्याकडे सरकवलं. तीन दिवस, चार चार तास. कोळसा काही शिडापेक्षा जड नसतो, फक्त वर बघावं तर आभाळ नाही.

काल काम संपल्यावर दोघं तिथेच लोखंडावर बसलो. मी त्याला चुकीबद्दल सांगितलं, नव्या शिडांबद्दल. तो हसला नाही. म्हणाला, “मला एक विचारायचं होतं, पण त्या रविवारी राहून गेलं. व्यापारी वारा अंगावर कसा लागतो? मी नुसता पुस्तकात वाचलाय. इंजिनाच्या खोलीत येत नाही तो.”

गुनवोर, मला काय वाटलं ते सांगतो. हा पोरगा मला शिकवायला आलाच नव्हता. बशी फिरवून तो विचारत होता, आणि मी उत्तर न देता किटली खाली ठेवली. मला फार वाईट वाटलं.

मग मी तासभर सांगितलं. खांदा, मेणाचा वास, उडणारे मासे, सकाळी डेक गार असतं ते. तो ऐकत राहिला. मग मी एस्किलचं पुडकं काढलं, भट्टीवर रस उकळला, आणि त्याला बशी फिरवून दाखवली. दोन्हीकडून. दक्षिणेकडची त्याने कधी करून बघितली नव्हती. चकित झाला. म्हणाला, “हे तुम्ही कधी केलंत?” मी म्हणालो, नोव्हेंबरात. “मग सांगितलं का नाहीत?” मी कॉफीची किटली घेतली.

कप पुढे कर म्हणालो. त्याने केला. किटली मी दोन्ही हातांनी धरली. तुझ्या आजोबांनीही माझा कप भरताना तशीच धरली होती, तेव्हा मला वाटलं होतं म्हातारपणाने. काठोकाठ भरला, थोडी त्याच्या बोटांवरही सांडली. तो हलला नाही.

सोबत रसाचा डाग पडलेलं ते पान आहे. नोव्हेंबरपासून खिशात होतं. आधी ते वाच.

खांबावरच्या जहाजांची शिडं शिवून झाली. ठिगळांच्या त्याच शिडातून कापली, तुझ्या आईच्या परकराचा तुकडा त्यात आहे. ते कापड पृथ्वीवरच्या सगळ्या वाऱ्यांतून जाऊन आलंय, आता वोर्दोच्या वाऱ्याचं काय घेऊन बसलीस. शिडं तीन जहाजांपुरतीच आहेत. चौथ्यासाठी हिल्डिंगने पत्र्याचं धुराडं कापलंय आणि मी त्यावर काळा रंग मारलाय. हुल्डाला आधी सांगू नकोस, तिला खांबाखालीच कळू दे.

एकवीसला धक्क्यावर ये. या खेपेला ये. बोटीवरून दोन काळेकुट्ट पुरुष उतरतील. त्यातला जास्त काळा असेल तो तुझा बाप.